जीपची किल्ली आणि टीव्हीवरचा घाट

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज जीपची किल्ली मी माझ्या कपाटात ठेवली आणि यांना तसं सांगूनही टाकलं. चोरून ठेवणं मला जमलं नसतं.

जुलैत यांना झटका आला, तो डॉक्टरांच्या मते सौम्य होता. तोंड थोडं वाकडं झालं, डावा हात जड पडला, आणि आठवड्याच्या आत हे कराडच्या दवाखान्यातून आपल्या पायांनी मलकापूरला घरी आले. हात आता जवळजवळ पूर्वीसारखा चालतो. डॉक्टर म्हणाले, "गाडी सध्या नको. दिवाळीच्या आधी एकदा आणा, नीट तपासतो, मग ठरवू." हे तिथे गप्प बसले. घरी आल्यावर म्हणाले, "तपासाय मी काय म्हस हाय? मिलिटरीनं घेतलाय मला तपासून. मी न्हाई जाणार."

सैन्यात सगळी नोकरी ट्रकवर झाली. बर्फात, दरडींत, ताफ्याच्या पुढे. सुभेदार होऊन घरी आले तेव्हापासून दर भाऊबीजेला स्वतः जीप घेऊन जतकडे जातात, भामावन्संच्या गावी. नोकरीत सणाला रजा मिळायची नाही, तेव्हा वन्सं चंद्राला ओवाळायच्या. ती टोचणी यांना अजून आहे. वन्सं आता पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या.

"भाऊबीजेला मी जाणार," आज जेवताना म्हणाले. "तू किल्ली दे न्हाईतर नको देऊ."

किल्लीशिवाय कसे जाणार, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी करून दाखवलं असतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

शिवांजलीने पुण्याहून खेळांचं यंत्र पाठवलंय. टीव्हीला जोडायचं आणि दोन रिमोट हातात घेऊन खेळायचं. फोनवर म्हणाली, "आई, बाबांना घरात गुंतवून ठेव. आणि तूही खेळ, तुला आवडायचं." लेकीला ते आठवतं याचंच मला भरून आलं.

आवडायचं खरंच. पाचगणीला माझे वडील शाळेची कोठी सांभाळायचे, म्हणून मला त्या कॉन्व्हेंटात शिकायला मिळालं. बाजारात एका हॉटेलच्या कोपऱ्यात खेळाचं मशीन आलं होतं. काळ्या पडद्यावर किड्यांच्या रांगा सरकत खाली यायच्या आणि खालून त्यांना टिपायचं. बोर्डिंगच्या मुली नाणी टाकायच्या, मी त्यांच्या खांद्यावरून बघायची. सिस्टरनी एकदा पकडलं. खेळलात म्हणून रागावल्या नाहीत. जिंकल्यावर हॉटेलात आरडाओरडा केलात म्हणून रागावल्या. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या चुका मोजून दाखवू नयेत, हे त्यांनी त्या दिवशी आमच्याकडून पाठ करून घेतलं.

शिवांजलीने फोनवरून सांगत सांगत सुरुवातीला शेतीचा खेळ लावून दिला. चित्र फार सुंदर आहे. दव पडतं, कोंबडी मागे मागे येते. ह्यांनी थोडा वेळ बघितलं आणि हसायलाच लागले.

"आगं, हितं लाईट जातच न्हाई! पाणी म्हणशील तवा हाय. टोळी न्हाई, उसाची तोड न्हाई, कारखान्याची चिठ्ठी न्हाई. ही कसली शेती? ही तर सुट्टी झाली."

झटक्यानंतर पहिल्यांदा असे हसले.

७ सप्टेंबर, रविवार

यांना गाड्यांचा खेळ सापडला. परदेशातला डोंगर, रिकामा रस्ता, वळणं घेत घेत खाली उतरायचं. रस्त्यावर दुसरं कुणीही नाही. आपली लाल गाडी पाठीमागून दिसते. शिवांजली म्हणते हा अगदी नवा आहे. मला तो सुंदर वाटला आणि एकाकीही. एवढ्या मोठ्या घाटात एक चहाची टपरी नाही.

यांनी रिमोट असा धरला की जणू स्टीअरिंगच. आणि गाडीसकट दरीत पडले. पुन्हा लावला, पुन्हा पडले. घामाघूम झाले.

"ह्यो खेळ बराबर न्हाई," म्हणाले. "कडा दावतच न्हाई."

मग मीच बोलून बसले. का बोलले ते आता कळत नाही. म्हटलं, "दिवाळीपर्यंत हा घाट न पडता उतरून दाखवलात, तर किल्ली देईन."

माझ्याकडे बघितलंही नाही. समोर टीव्हीकडे बघत म्हणाले, "शब्द?"

"शब्द."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, खेळातून हाता-डोळ्यांचा मेळ बसतो. म्हणजे मी काही चूक केलेली नाही. घाट उतरता आला नाही तर किल्ली नाही, आणि आला तर ते बरे झाले. असा विचार केला की बरं वाटतं, पण तो पुन्हा पुन्हा करावा लागतो.

१४ सप्टेंबर, रविवार

एक चांगली गोष्ट लिहून ठेवते. यांनी स्वतःहून पथ्य धरलं आहे. ताटाच्या डाव्या बाजूला मी वाढते ते सगळं, म्हणजे मीठ, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, जसंच्या तसं परत येतं. पूर्वी चटणी नसेल तर भाकरी मोडायचे नाहीत. मी एका शब्दाने बोलले नव्हते. भाकरीचाही चतकोर ठेवतात. सैन्यातल्या माणसाचा निग्रहच वेगळा. शिवांजलीला फोनवर सांगितलं तर तिलाही नवल वाटलं.

फक्त दाढी नीट करत नाहीत आता. एक गाल खरखरीत राहतो. हात अजून पुरता वळत नसावा.

घाटात अजून पडतात. उजवीकडच्या दरीच्या काठाने अशी गाडी नेतात की बघत राहावं, आणि पुलाच्या अलीकडच्या साध्या वळणावर जातात खाली. ते वळण मला मुळीच अवघड वाटत नाही. मी खेळते तेव्हा दरी आधीपासूनच दिसत असते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज आप्पासो रागावून गेले. आमच्या शेजारचे, यांच्याच बरोबर भरती झालेले. हे व्हरांड्यात पेपर वाचत होते. आप्पासो फाटकातून येऊन शेजारच्या खुर्चीत बसले. मी आत चहा टाकत होते आणि सगळं ऐकू येत होतं.

"काय सुभेदार, काय म्हणतोय पेपर?"

हे काही बोलेनात.

"आवो सुभेदार! लय मोठं झालासा व्हय? शेजारी माणूस येऊन बसलाय, बगाय बी तयार न्हाई?"

मी चहा घेऊन बाहेर आले. हे दचकून मान फिरवून बघत होते. "आरं तिच्या! तू कवा आलास?"

"कवा आलास म्हणं! मी काय डास हाय व्हय रं?"

"बोलायचं तरी हुतं."

"बोललो की! दोनदा बोललो!" आप्पासोंनी अर्धा कप चहा ठेवला आणि उठले. फाटकाशी मला म्हणाले, "वयनी, आजारपणानं माणूस चिडका हुतो ते मला ठावं हाय. पर असला खवाटपणा जोत्यानं कदी केला नव्हता."

ते गेल्यावर हे पेपरावर चिडले. "हे पेपरवालं आजकाल अर्दंच लिवत्यात. मथळ्याचा आर्थच लागत न्हाई."

मला आप्पासोंचं वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं स्वतःचंही. माझ्याकडेही बघत नाहीत. मी सोफ्यावर रिमोट घेऊन शेजारी बसते, बोलते, आणि उत्तर येतं ते समोरच्या भिंतीला. किल्ली काढून घेतली हा राग असेल. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर असा अबोला धरल्याचं मला आठवत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

माळ्यावरून जुना टीव्ही गेम काढला. शिवांजली लहान असताना कराडच्या बाजारातून घेतलेला. पिवळी कॅसेट, तिच्यात फुंकर मारून बसवावी लागते. फुंकर मारली आणि त्या धुळीच्या वासासरशी सगळं घर उभं राहिलं. हे रजेवर यायचे, ट्रंक दारात ठेवायचे आणि पोरीबरोबर रणगाड्यांचा खेळ खेळायला बसायचे. जेवायला उठायचे नाहीत.

आज आम्ही दोघे तोच खेळलो. खाली मधोमध आपलं ठाणं, भोवती विटा. वरून शत्रूचे रणगाडे येतात, डावीकडून, मधून, उजवीकडून. आपले दोन रणगाडे, एक यांचा, एक माझा. नव्या यंत्रातल्या चित्रांपुढे हे ठोकळे अगदी गरीब दिसतात, पण कान अजून तोच सुरुवातीचा सूर ऐकून टवकारतात.

यांनी लगेच हुकूम सोडला. "उजवी हद्द माझी, डावी तुजी."

उजवीकडे एकाला फिरकू दिलं नाही. मी एकदा हौसेने त्यांच्या बाजूला मदतीला गेले, तर डावीकडून एक रणगाडा सावकाश, अगदी आरामात, विटा फोडत ठाण्यापर्यंत गेला. हे तिथेच उभे होते. तोंडही वळवलं नाही.

"अहो, दिसला नाही का तो?"

"तुजी हद्द हुती," म्हणाले. "हद्द सोडून जायचं न्हाई."

बरोबरच होतं. पण ठाणं पडलं ते दोघांचं पडलं ना.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गाडीची पूजा करायची म्हणून यांनी किल्ली मागितली. सणाचा दिवस, नाही कशी म्हणू? शेडमधून अंगणात तेवढी आणायची होती. मी फाटकाजवळ उभी होते. जीप सरळ आली आणि डाव्या बाजूने शेडच्या खांबाला घासत गेली. आरसा तुटून पडला. आप्पासोंची सायकल तिथेच टेकवलेली होती, ती चाकाखाली. पाटाचं पाणी बघून येताना त्यांनी नेहमीसारखी ठेवली होती. ते स्वतः तुळशीपाशी उभे होते, सायकलपासून दोन हातांवर.

हे खाली उतरले आणि गरजले, "सायकल कुणी आणून ठेवली हितं? गाडी हालल्यावर ठेवली व्हय?"

आप्पासो पुढे आले. सायकल उचलली, वाकडं चाक बघितलं, यांच्या तोंडाकडे बघितलं. आज त्यांना राग आला नव्हता. ते घाबरले होते.

झेंडूची माळ मीच घातली जीपला. पूजा झाल्यावर किल्ली मागितली. दिली, पण म्हणाले, "शब्द दिलायस. फिरवू नको."

७ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरांकडे जायची तारीख आज होती. गेले नाहीत. दारात चप्पल घालून उभ्या असलेल्या मला म्हणाले, "तू ये जाऊन."

मन रमवायला विटा पडण्याचा खेळ लावला. वरून तुकडे पडतात, ओळ भरली की नाहीशी होते. माझा सगळ्यात आवडता. गोधडी शिवल्यासारखं वाटतं. हे खेळले, तर सगळे तुकडे उजवीकडे एकावर एक रचत गेले, पार वरपर्यंत. डावीकडे मोकळं मैदान.

"इकडे टाका ना," मी म्हटलं.

"कुठं जागा हाय?"

मी हसले. सैन्यातले विनोद असेच असतात, चेहरा न हलवता केलेले. मला जिंकू देतात, हे आता माझ्या लक्षात आलंय. रणगाड्यांतही तसंच, इथेही तसंच. पण बोलून दाखवणार नाही. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, हरणाराही सभ्य असू शकतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

आता घाटात फार कमी पडतात. वळणं पाठ केली आहेत. मोठ्याने म्हणत जातात: "मोठं झाड, सोड, दोन मोजून मार, पूल, सोड." ताफा अंधारात दिवे न लावता न्यायचो तेव्हा असंच पाठ करायचो, म्हणाले. लाल गाडीचा एका अंगाचा रंग मात्र दर वेळी खरवडून निघतो. मी रिमोटचं बटण दाबून बघितलं, अडकत तर नाही ना. अडकत नाही.

शिवांजलीला फोन केला. म्हटलं, "घासली तर तो अपघात धरायचा का गं?"

"आई, तू काय परीक्षक झालीस?" ती हसली. मग थोडं थांबून म्हणाली, "तू घाबरलीयस का?"

"नाही," मी म्हटलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

घाट उतरले.

एकदाही पडले नाहीत. खाली गाव आलं, पडद्यावर फटाके उडाले. यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. डोळ्यांत पाणी होतं. मी कधी बघितलं नव्हतं.

"आता आक्काला म्हणावं, ताट तयार ठेव," म्हणाले.

मी गोड बोलले, पेढा दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच पातेली घासली. खांबाला घासलेली जीप डोळ्यांपुढून जात नाही. पण शब्द दिला आहे. आणि समजा नाही दिली किल्ली, तर यांच्या डोळ्यांतलं ते पाणी मी काढून घेतल्यासारखं होईल.

पाडव्याला ओवाळताना द्यायची ठरवली आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा, दुपारी

किल्ली दिली. सकाळी ओवाळलं तेव्हा ताटातच ठेवली होती. यांनी ती कपाळाला लावून खिशात घातली.

जेवणाला मी पुऱ्या तळत होते म्हणून दिवाळीला पुण्याहून आलेल्या शिवांजलीने वाढलं. ती यांच्या पाटासमोर उभी राहून वाढत गेली आणि पुण्यात राहून ताटाची डावी-उजवी विसरली. तिच्या समोरून सगळं उलटं झालं. बासुंदीची वाटी, बटाट्याची भाजी डावीकडे. चटणी, लोणचं, कोशिंबीर उजवीकडे. मी पुऱ्या घेऊन आले तेव्हा हे जेवत होते. चटणी संपवली होती. लोणच्याची फोड चोखत होते.

मला वाटलं, सण म्हणून पथ्य मोडलं.

मग हे माझ्याकडे बघून म्हणाले, "पाडव्याला बी गोड न्हाई केलंस व्हय गं?"

शिवांजली हसली. "बाबा, समोर काय आहे मग?"

"काय हाय?"

वाटी त्यांच्या मनगटापासून वीतभर अंतरावर होती, केशराचा तवंग आलेली. हे चेष्टा करत नव्हते. त्यांच्या तोंडावर थोडासा रुसवा होता.

मी खाली बसले आणि ताट धरून अर्धं फिरवलं.

"आत्ता वाढलीस व्हय," म्हणाले आणि बासुंदी प्यायले. चटणीची वाटी आता पलीकडे गेली होती. तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

मी तिथेच बसून राहिले. खांब, सायकल, आप्पासो, गाल, पेपर, विटांचं मोकळं मैदान. मी ज्याला निग्रह म्हटलं, विनोद म्हटलं, सभ्यपणा म्हटलं, ते सगळं एकाच बाजूचं होतं. आणि अबोला. सोफ्यावर मी रोज यांच्या डाव्या हाताला बसते.

उद्या सकाळी हे जीप घेऊन निघणार. रस्त्याच्या डाव्या कडेने माणसं चालतात. याच दिवसांत जतकडून धनगर मेंढरं घेऊन निघतात, ती त्याच कडेने येतात, पोरंबाळं, घोडी, कोकरं. किल्ली यांच्या खिशात आहे आणि हे झोपले आहेत. ओवाळणीत दिलेली वस्तू परत कशी मागू? खिशातून काढून घेतली तर उद्या आप्पासोंच्या ट्रॅक्टरने जातील. दिसत नाही म्हटलं तर म्हणतील, दिसतंय की.

त्यांना खरंच वाटतं की सगळं दिसतंय. सगळ्यात भीती मला त्याची वाटते.

२२ ऑक्टोबर, संध्याकाळी

चहा झाल्यावर म्हटलं, "एक डाव रणगाड्यांचा खेळू या." कॅसेटला फुंकर मारली. शिवांजली दाराशी उभी राहिली.

मी माझा रणगाडा डाव्या कडेला नेला, अगदी कोपऱ्यात, आणि खेळ थांबवला. चित्र स्थिर झालं.

"मी कुठे आहे?" विचारलं.

"तू सुरूच केलं न्हाईस."

"केलंय. शोधा."

"आगं न्हाईस तू. एकलाच हाय मी."

"अहो, उठा. टीव्हीजवळ या. उजव्या कडेवर हात ठेवा."

"कशाला?"

"माझ्यासाठी."

उठले. हात ठेवला. म्हटलं, तसाच सरकवत न्या, कड लागेपर्यंत. हात काचेवरून सरकत आला, ठाण्यापर्यंत आला, थांबला.

"संपला."

"अजून न्या."

"संपला म्हणतो न्हवं!"

"बाबा, न्या हो," शिवांजली म्हणाली.

हात पुढे सरकला. यांची नजर हाताबरोबर गेली, मान वळली, खांदाही वळला. हात काचेवरून जातच राहिला आणि शेवटी चौकटीवर आपटला. तिथे बोटांखाली माझा हिरवा रणगाडा होता.

"एवढा मोठा हाय टीव्ही?" म्हणाले.

मी रिमोट खाली ठेवला. उठून त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून. कितीतरी दिवसांनी.

"खांब आदीपास्नं तितंच हुता," म्हणाले.

"हो."

"आप्पा कुठं हुता तवा?"

"सायकलच्या शेजारी."

सोफ्यावर बसले. खिशातून किल्ली काढून शिवांजलीकडे धरली, माझ्याकडे नाही. "तुजी स्कूटरच बरी. ह्या जिपला हात लावू नको तू बी." मग विचारलं: "सकाळी पयली यष्टी कवा हाय?"

शिवांजली म्हणाली भाड्याची गाडी सांगते. नको म्हणाले. आप्पासोंकडे जाऊन येतो म्हणून उठले आणि दाराच्या चौकटीला डावा खांदा लागला. थांबले. चौकटीवर हात फिरवला. मग गेले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज, वन्संच्या घरी

शिवांजली घरीच राहिली, आप्पासोंच्या मुलाला तीच ओवाळते. आम्ही कराडहून विटा, विट्याहून जत आणि पुढे वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून आलो. वाटेत दोनदा मेंढरं लागली. मी खिडकीतून त्यांच्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं नाही.

वन्सं कट्ट्यावर बसून होत्या. पाठीला पोक, डोळे मात्र ससाण्याचे.

"यष्टीनं आलास व्हय रं? जीप इकली?"

"घरात हाय."

"मग? बायकुनं किल्ली दिली न्हाई?"

"दिली हुती." हे कट्ट्याशी उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील. टायर, डिझेल, काहीही. मी तयार होते होकार द्यायला. "आक्का, मला डावीकडचं कळत न्हाई. डोळ्याला दिसत आसंल, पर ध्यानातच येत न्हाई. आदी मला ठावं बी नव्हतं. हिनं काल दावलं."

वन्संनी पदर सावरला. "म्हंजे जीप घिऊन आला आसतास तर?"

"कुणाला तरी मारून आलो आसतो."

गल्लीतून एक पोर टायर पळवत गेलं.

"बस आत," वन्सं म्हणाल्या. "उनात हुबा ऱ्हाऊ नको."

ओवाळायला पाट मांडला. वन्सं ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि फिरवू लागल्या. ज्योत यांच्या डावीकडे गेली आणि यांची नजर समोरच राहिली. उजवीकडे आली तेव्हा पुन्हा ज्योतीवर आली. वन्संनी ते बघितलं. दुसऱ्या फेरीला ताट डावीकडे नेलं आणि तिथेच धरून थांबल्या.

"बग माझ्याकडं."

"कुठं हायस?"

"हितंच. बहीण कुठं जाती?"

मी यांचा हात धरायला पुढे झाले. "तू ऱ्हा बाजूला," वन्सं म्हणाल्या. "शोध की रं. घाई न्हाई मला."

यांनी मान वळवायला सुरुवात केली. घाटाची वळणं म्हणायचे तसं पुटपुटत होते. "चूल... भितीची खुंटी... ज्वारीचं पोतं..." पोत्यापाशी थांबले. कपाळावर घाम आला. मला वाटलं परत फिरतात. ताट थरथरत होतं, निरांजनातलं तूप सांडून वन्संच्या मनगटावर आलं, तरी त्यांनी ते खाली घेतलं नाही.

"पोतं," यांनी पुन्हा म्हटलं. "पोत्याच्या पल्याड खांब... खांबाच्या पल्याड..."

"हं."

"ही बग आक्का!"

वन्सं हसल्या, बोळक्या तोंडाने. "आता फिरवू व्हय?"

"फिरव," हे म्हणाले, "पर हळू."